मौनाला संमती समजणारा पोर्ट: बोस्टनच्या रुग्णालयातला स्विचिंग लूप आणि तो टेबलावर उभा करण्याची रीत

१३ नोव्हेंबर २००२, बुधवार. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क दुपारी रेंगाळायला लागलं आणि मग बसलंच. मधूनच उठायचं, जरा चालायचं, पुन्हा कोसळायचं. ते खऱ्या अर्थाने पूर्वपदावर यायला सोमवार, १८ नोव्हेंबर उजाडला. मधले दिवस प्रयोगशाळेचे रिपोर्ट, औषधांच्या ऑर्डरी, रुग्णांच्या नोंदी सगळं कागदावर चाललं. गुरुवारी काही तास इमर्जन्सी विभागही बंद ठेवावा लागला. सर्व्हर शाबूत होते, डेटाही शाबूत होता. व्हायरस नव्हता, घुसखोरी नव्हती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारं डेटाचं पुडकं, पोहोचत नव्हती, एवढंच.

रुग्णालयाचे तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांनी हे प्रकरण झाकून न ठेवता जाहीरपणे मांडलं, म्हणून आज त्यावर बोलता येतं. सुरुवात झाली ती एका संशोधकाने चालू केलेल्या फाइल-शेअरिंगच्या प्रायोगिक सॉफ्टवेअरपासून. त्याने नेटवर्कवर अफाट डेटा ओतला. पण डेटा जास्त झाला तर नेटवर्क हळू होतं, चार दिवस आडवं पडत नाही. आडवं पडलं ते स्पॅनिंग ट्री, म्हणजे जोडणीत वर्तुळ (लूप) होऊ न देणारा प्रोटोकॉल, कोलमडला म्हणून. हे नेटवर्क वर्षानुवर्षं स्विचला स्विच (केबली एकत्र आणणाऱ्या पेट्या) जोडत वाढलं होतं आणि एक्स-रे, स्कॅनच्या प्रतिमा साठवणाऱ्या यंत्रणेचा भाग मुख्य स्विचपासून १० हॉप (स्विच-ते-स्विच टप्पे) दूर जाऊन बसला होता. स्पॅनिंग ट्रीचे मूळ टायमर ७ हॉप धरून ठरवलेले आहेत.

लूप म्हणजे कुणीतरी चुकून केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली, असं आपल्याकडे शिकवलं जातं. तसं होतंही. पण मोठी नेटवर्कं पडतात ती बहुधा दुसऱ्या प्रकारच्या लूपने. जोडणी मुद्दाम दुहेरी केलेली असते, एक पोर्ट (स्विचवरची केबल लावायची जागा) प्रोटोकॉलने अडवून धरलेला असतो आणि तो अडवलेला पोर्ट भलत्या वेळी उघडतो. हा दुसरा प्रकार टेबलावर दाखवता येतो. त्याआधी पहिला दाखवावा लागतो, नाहीतर पोर्ट उघडला तर एवढं काय बिघडलं, हेच समोरच्याला कळत नाही.

फ्रेम मरत का नाही

आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो. प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट टाकून देतो. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची, फ्रेम आली की स्विच ती ज्या पोर्टने आली तो सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर पाठवतो. ही फ्रेम मघाशी येऊन गेली होती का, हे तो विचारत नाही. त्याला ते कळण्याची सोयच नाही. म्हणून जोडणीत वर्तुळ असेल तर फ्रेम फिरतच राहते.

यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री तयार केला. १९९० मध्ये तो आयईईईच्या ८०२.१डी मानकात आला. स्विच आपसात एक मूळ स्विच निवडतात, त्याला रूट म्हणतात. रूट दर २ सेकंदांनी बीपीडीयू हा निरोप सोडतो आणि त्याच्या आधारे बाकीचे स्विच ठरवतात की कुठला पोर्ट चालू ठेवायचा आणि कुठला अडवायचा.

टेबलावरची मांडणी

सिस्को कॅटलिस्ट २९६० जातीचे १०० एमबीपीएसचे तीन जुने स्विच पुरतात. त्यांना अ, ब, क म्हणू. सोबत दोन लॅपटॉप, पाच-सहा पॅचकॉर्ड (दोन वेगळ्या रंगांच्या असतील तर उत्तम) आणि कन्सोल केबल. कन्सोल केबल हवीच. वादळ, म्हणजे फिरत राहिलेल्या फ्रेमचा पूर, सुरू झालं की दुरून स्विचमध्ये शिरण्याचे टेलनेट, एसएसएच हे दोन्ही मार्ग जातात, कारण तेही त्याच नेटवर्कवरून येतात. कन्सोलचा वेग ९६०० ठेवायचा.

या मांडणीतली एकही केबल इमारतीच्या नेटवर्कला लागलेली नको. भिंतीतल्या सॉकेटला काही जोडलेलं नाही ना, ते प्रत्येक केबल हाताने धरून टोकापर्यंत तपासायचं. लॅपटॉपचं वायफाय बंद, ब्रिजिंग बंद.

लॅपटॉपवर लिनक्स असलेलं बरं. विंडोज स्वतःहून इतकी ब्रॉडकास्ट आणि मल्टिकास्ट बडबड करतं की एका फ्रेमचं काय होतं हे दाखवताच येत नाही. लिनक्सवरही आयपीव्ही६ बंद करावं. पत्ते १९२.१६८.५०.११ आणि १९२.१६८.५०.१२, मास्क २५५.२५५.२५५.०. पहिला लॅपटॉप अ स्विचवर, दुसरा ब वर. दुसऱ्यावर वायरशार्क (तारेवरच्या फ्रेम टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवायचं, पण कॅप्चर १० सेकंदांत आपोआप थांबेल असं लावून. नाहीतर फाइल सेकंदाला ८-१० एमबीने फुगते आणि लॅपटॉपच गोठतो.

अ आणि ब या दोन्ही स्विचवर ‘नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १’ देऊन स्पॅनिंग ट्री बंद करायचा (व्हीलॅन म्हणजे स्विचवर आखलेलं एक स्वतंत्र नेटवर्क). अ आणि ब मधल्या पोर्टांवर ‘लोड-इंटरव्हल ३०’ द्यायचं, कारण ‘शो इंटरफेसेस’ एरवी पाच मिनिटांची सरासरी दाखवतं आणि वादळ समोर चालू असताना आकडा मात्र निवांत दिसतो. आणखी एक अडचण अशी की हे स्विच दर १० सेकंदांनी पोर्टवर एक कीपअलाइव्ह फ्रेम सोडतात. ती फिरून परत आली तर लूपबॅक सापडला म्हणून पोर्ट एरर-डिसेबल होतो, म्हणजे स्विच तो स्वतःच बंद करतो. स्विचच्या दृष्टीने हे शहाणपणाचं, पण प्रात्यक्षिक मध्येच बंद पडतं. म्हणून त्या पोर्टांवर ‘नो कीपअलाइव्ह’.

दोन केबल, मग तीन

अ आणि ब च्या २३ नंबरच्या पोर्टांमध्ये पहिली केबल. पिंग चालतो, सगळं शांत. आता २४ नंबरच्या पोर्टांमध्ये दुसरी केबल. पहिल्या लॅपटॉपवरून ‘आर्पिंग’ने एकच एआरपी विनंती (हा आयपी पत्ता कुणाचा, असं सगळ्यांना विचारणारी ब्रॉडकास्ट फ्रेम) सोडायची.

अ स्विच ती फ्रेम दोन्ही केबलींवर पाठवतो. २३ वरून आलेली प्रत ब २४ वरून परत पाठवतो, २४ वरून आलेली २३ वरून. अशा दोन प्रती उलट दिशांनी गरगरत राहतात. इथे बरीच पाठ्यपुस्तकं घाईने लिहितात की फ्रेमची संख्या दुप्पट-चौपट होत जाते. दोन केबलींच्या लूपमध्ये ती होत नाही. एका एआरपीच्या दोन प्रती, त्या दोनच राहतात. मारतो तो वेग. ६४ बाइटची फ्रेम १०० एमबीपीएसच्या तारेवर सगळं धरून ६.७२ मायक्रोसेकंद घेते. स्विचच्या आतला वेळ मिळवून एका टप्प्याला साधारण १० मायक्रोसेकंद धरले, तर एका फेरीला २० लागतात, म्हणजे सेकंदाला ५० हजार फेऱ्या. प्रती दोन, म्हणून दुसऱ्या लॅपटॉपच्या पदरात सेकंदाला १ लाखाच्या आसपास फ्रेम पडतात. तारेची कमाल क्षमता १,४८,८१० आहे. म्हणजे एका एआरपीने तार दोन-तृतीयांश भरते; आणखी एखाद-दुसरी आली की काठोकाठ.

आता पहिला लॅपटॉप स्विचमधून उपटायचा. हवं तर बंदही करायचा. दुसऱ्याच्या वायरशार्कवर त्याच लॅपटॉपच्या मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याची) तीच एआरपी विनंती, अक्षर न बदलता, धबधब्यासारखी येतच राहते. फ्रेम कोण सोडतंय हे शोधत बसणारा माणूस या जागी फसतो. पाठवणारा केव्हाच निघून गेलेला असतो आणि वायरशार्क त्याचंच नाव घेत असतं. अ आणि ब मधली एक केबल काढली की त्याच क्षणी शुकशुकाट. स्विच रीस्टार्ट करावा लागत नाही.

लॅपटॉप परत लावून पिंग करून पाहिला तर जात नाही. तार भरली म्हणून जात नाही, हे अर्धंच उत्तर. अ च्या मॅक टेबलमध्ये (कुठला पत्ता कुठल्या पोर्टवर, याच्या यादीत) पहिल्या लॅपटॉपचा पत्ता आधी पोर्ट १ वर नोंदलेला असतो. फिरून आलेल्या प्रतीवरही उगम म्हणून तोच पत्ता असल्यामुळे अ समजतो की लॅपटॉप २३ वर गेला. पुढच्या क्षणी २४ वर. ब कडून खरं उत्तर येतं तेव्हा टेबल म्हणतं, हा माणूस २३ वर. उत्तर २३ वरूनच आलं असेल तर अ ते टाकून देतो, २४ वरून आलं असेल तर ब कडे परत धाडतो. कन्सोलवर ‘फ्लॅपिंग बिट्वीन पोर्ट’ असा मॅकफ्लॅपचा संदेश दिसायला लागतो, दोन्ही पोर्टांच्या नंबरांसकट. प्रत्यक्ष ठिकाणी लूप शोधताना या ओळीइतकं कामाचं दुसरं काही नाही. लूप कुठल्या दोन पोर्टांमधून फिरतोय ते ती थेट सांगते.

तिसरी केबल २२ मध्ये लावली की गणित बदलतं. आता एका केबलीवरून आलेली फ्रेम उरलेल्या दोघींवर जाते. तीनाच्या सहा, सहाच्या बारा. काही मिलिसेकंदांत सगळ्या तारा आणि बफर भरून जातात. हा भाग पटकन दाखवून संपवावा. दिव्यांच्या लुकलुकण्यात फरक दिसत नाही, फरक कळतो तो ‘शो प्रोसेसेस सीपीयू’ मध्ये. स्विचला व्हीलॅन १ मध्ये स्वतःचा आयपी पत्ता दिला असेल तर प्रत्येक एआरपी त्याच्या सीपीयूला उघडून पाहावी लागते आणि बिचारा सीपीयू शंभरीला टेकतो. बोस्टनच्या प्रकरणाचा दुवा हा आहे: स्पॅनिंग ट्रीही त्याच सीपीयूवर चालतो.

अडवलेला पोर्ट उघडतो तेव्हा

आता खरा प्रयोग. जास्तीच्या केबली काढून अ–ब, ब–क, अ–क असा त्रिकोण करायचा, पण स्पॅनिंग ट्री आधी पुन्हा चालू करून. अ ला प्रायॉरिटी ४०९६, ब ला ८१९२, क ला मुळातली ३२७६८ तशीच. आकडा सर्वांत लहान, म्हणून अ रूट होतो. ब आणि क दोघांचाही रूटपर्यंतचा खर्च सारखाच, १९. त्यामुळे ब–क दुव्यावर ज्याचा आयडी लहान तो जिंकतो, म्हणजे ब. क चा ब कडचा पोर्ट अडतो. ‘शो स्पॅनिंग-ट्री’ मध्ये तो ऑल्टरनेट, ब्लॉकिंग असा दिसतो आणि त्याचा दिवा अंबर राहतो. बाकी सगळे हिरवे.

आता ब च्या क कडच्या पोर्टवर ‘स्पॅनिंग-ट्री बीपीडीयू-फिल्टर एनेबल’ द्यायचं. केबल तशीच, लिंक तशीच, डेटाही जातो. फक्त त्या पोर्टवरून बीपीडीयू जायचे थांबतात आणि आलेले दुर्लक्षित होतात. घड्याळ लावायचं.

क काय समजतो? दर २ सेकंदांनी ब चा निरोप येत होता, तो आला नाही. क मॅक्स-एज, म्हणजे जुनी माहिती धरून ठेवण्याची मुदत, संपेपर्यंत, म्हणजे जवळपास २० सेकंद वाट पाहतो. मग निष्कर्ष काढतो की पलीकडे आता कुणी स्विच उरला नाही, हा पोर्ट मीच चालवला पाहिजे. १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग, आणि साधारण पन्नासाव्या सेकंदाला पोर्ट फॉरवर्डिंगला, म्हणजे डेटा पुढे पाठवायला, येतो. अंबर दिवा हिरवा होतो. त्रिकोणातले सगळे दिवे हिरवे दिसतात आणि पुढची ब्रॉडकास्ट आली की नेटवर्क कोसळतं. रॅकसमोर उभ्या माणसाला दिवा हिरवा झाला म्हणजे काहीतरी सुधारलं असंच वाटेल.

रॅपिड स्पॅनिंग ट्रीमध्ये, म्हणजे याच प्रोटोकॉलच्या नव्या, जलद आवृत्तीत, वाट पाहणं कमी होतं, वृत्ती तीच राहते. तिथे तीन निरोप हुकले की, म्हणजे ६ सेकंदांत, आधीची माहिती रद्द होते. पलीकडून होकार येत नसल्यामुळे जुने १५ अधिक १५ सेकंद मात्र जातात आणि ३६ च्या आसपास पोर्ट उघडतो.

निरोप न येण्याचा अर्थ प्रोटोकॉल ‘पुढे जायला हरकत नाही’ असा लावतो. मौन म्हणजे संमती. तार तुटली असेल तर हा अर्थ बरोबर, त्यासाठीच तर दुहेरी जोडणी असते. पण तार धड आहे, डेटा जातोय आणि फक्त निरोप हरवतायत, अशी स्थिती असेल तर याच नियमाने लूप तयार होतो. निरोप हरवण्याची कारणंही रोजचीच आहेत: ब चा सीपीयू दमलेला असणं, फायबरच्या जोडीतली एकच तार मेलेली असणं, कुणीतरी कधीतरी टाकून विसरलेला बीपीडीयू-फिल्टर.

७ आणि १०

आता बोस्टनचे १० हॉप. सात ही काही भिंत नव्हे. आठवा स्विच लावला म्हणून नेटवर्क तिथल्या तिथे पडत नाही. कित्येक ठिकाणी नऊ-दहा स्विचची माळ वर्षभर चालते आणि त्यामुळेच कुणी तिकडे पाहत नाही.

जुन्या स्पॅनिंग ट्रीत निरोप फक्त रूट सोडतो, बाकीचे तो पुढे सरकवतात आणि सरकवताना त्याचं वय प्रत्येक स्विचमागे १ सेकंदाने वाढवतात. माहिती ठेवण्याची मुदत एकूण २० सेकंद. रूटच्या शेजाऱ्याकडून निरोप घेणाऱ्याला सुमारे १९ सेकंद धीर धरता येतो, म्हणजे नऊ निरोप हुकले तरी चालतात. दहा हॉप लांबच्याकडे निरोप येतो तोच दहा सेकंदांचा म्हातारा होऊन. त्याच्याकडे धीर उरतो १० सेकंदांचा, पाच निरोपांचा. शिवाय वाटेत दहापैकी कुठल्याही स्विचवर निरोप गळला तरी तो त्याच्यासाठी गळलाच. म्हणजे निरोप गळण्याची शक्यता सर्वांत जास्त आणि सहन करण्याची ताकद सर्वांत कमी, अशी जागा माळेच्या टोकाला तयार होते.

शांत दिवशी यातलं काहीच जाणवत नाही. डेटाचा पूर आला की मधले स्विच दमतात, निरोप गळतात, टोकाचे पोर्ट उघडतात, लूपमुळे पूर आणखी वाढतो आणि आता उरलेसुरले निरोपही गळतात. पुराचं मूळ कारण बंद केलं तरी हे चक्र स्वतःच्या बळावर चालू राहतं. लॅपटॉप उपटल्यावरही धबधबा चालू होता, तसंच. कुणी घाईघाईने दुवे चालू-बंद करायला लागलं तर प्रत्येक बदलाबरोबर झाड नव्याने मांडलं जातं आणि मॅक टेबलं लवकर रिकामी होऊन अनोळखी पत्त्यांचं फ्लडिंग (फ्रेम सगळ्या पोर्टांवर पाठवणं) वाढतं.

रुग्णालयात सिस्कोचे अभियंते आले, नवे कॅटलिस्ट ६५०९ हे मोठे स्विच बसवले गेले आणि नेटवर्कचे भाग स्विचऐवजी राउटिंगने जोडायला सुरुवात झाली. हाच मूळचा इलाज. लेयर ३ ची, म्हणजे राउटिंगची, सीमा आली की ब्रॉडकास्ट तिच्यापलीकडे जात नाही आणि पॅकेटला टीटीएल मिळतो. लूप तरीही होऊ शकतो, पण एका मजल्याच्या एका व्हीलॅनपुरता.

कुठला पहारा कशावर चालतो

टेबलावरचा त्रिकोण मोडण्याआधी बीपीडीयू-फिल्टर काढून क चा पोर्ट पुन्हा अंबर होऊ द्यायचा, मग त्या पोर्टवर ‘स्पॅनिंग-ट्री गार्ड लूप’ द्यायचं आणि फिल्टर परत लावायचा. या वेळी मुदत संपल्यावर पोर्ट उघडत नाही. लूप-इनकन्सिस्टंट असा शेरा येतो आणि दिवा अंबरच राहतो. मौनाचा अर्थ संमती न लावणारी हीच एक ओळ, आणि ती मुळात बंद असते. स्विच-ते-स्विच दुव्यांवरच्या रूट आणि ऑल्टरनेट पोर्टांवर ती हवी. फायबर असेल तर जोडीला यूडीएलडी, म्हणजे एकाच दिशेने मेलेला दुवा ओळखणारी सोय.

बीपीडीयू-गार्डचं काम वेगळं. तो टेबलाकडच्या पोर्टांसाठी, पोर्टफास्टसोबत (पोर्टफास्ट म्हणजे लिसनिंग-लर्निंगची वाट न पाहता पोर्ट लगेच चालू करणारी सोय). भिंतीतल्या एका सॉकेटमधून निघालेली केबल कुणी दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचली की बीपीडीयू आलेला पाहून तो पोर्ट तत्काळ बंद करतो. कुणीतरी टेबलाखाली आठ पोर्टांचा साधा स्विच ठेवलाय आणि त्यातच लूप केलाय, अशा वेळी तो स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देतो की गिळतो यावर सगळं अवलंबून. गिळणारा निघाला तर स्पॅनिंग ट्री आंधळा होतो आणि उरतं ते फक्त स्टॉर्म-कंट्रोल, म्हणजे पोर्टवर येणाऱ्या ब्रॉडकास्टला घातलेली मर्यादा.

स्टॉर्म-कंट्रोलला लोक अंदाजपंचे ५ किंवा १० टक्के लावून मोकळे होतात. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर १ टक्का म्हणजे लहान फ्रेमच्या हिशोबाने सेकंदाला १,४८८ ब्रॉडकास्ट. एका टेबलावरच्या यंत्राला याच्या दशांशाचीही सहसा गरज नसते. गर्दीच्या वेळी पोर्टचे ब्रॉडकास्ट काउंटर पाहून मगच आकडा ठरवावा. ब्रॉडकास्टची मर्यादा अनोळखी युनिकास्टच्या (एकाच पत्त्यासाठीच्या फ्रेमच्या) फ्लडिंगला लागू होत नाही, ती वेगळी द्यावी लागते.

वादळ चालू असताना सोडवायचं झालं तर आधी कन्सोल लावायचा, मॅकफ्लॅपच्या ओळीतले दोन पोर्ट वाचायचे आणि त्यातला दुय्यम दुवा हाताने उपटायचा. सीपीयू शंभरीला असेल तर ‘शटडाउन’ टाइप करून वाट पाहण्यापेक्षा केबल ओढणं जलद. उपटलेल्या टोकाला लगेच चिठ्ठी बांधायची, कारण पुढच्या पाळीतला माणूस ‘सुटलेली केबल’ म्हणून ती परत लावतो. मग ‘क्लिअर मॅक ॲड्रेस-टेबल डायनॅमिक’, नाहीतर चुकीच्या नोंदी ३०० सेकंदांपर्यंत रेंगाळू शकतात. बीपीडीयू-गार्डने पाडलेला पोर्ट, आपोआप उठण्याची सोय मुद्दाम चालू केली नसेल तर, ‘शटडाउन’ आणि ‘नो शटडाउन’ देऊनच उठतो. लूप-गार्डने रोखलेला मात्र निरोप पुन्हा यायला लागले की स्वतःहून ताळ्यावर येतो, म्हणून त्याच्याशी खटपट करू नये. निरोप का येत नव्हते ते पलीकडच्या स्विचवर जाऊन पाहावं.